नळाचं पाणी, क्लोरीन आणि आपली बाग : कोण काय करतं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या ग्रिलमध्ये माझी बाग आहे, बाग म्हणजे १९ कुंड्या आणि दोन क्रेट. विषय असा की मार्चमध्ये पहिल्यांदा अमृतजल, म्हणजे झाडांना घालायचं आंबवलेलं शेणपाणी, केलं, १० लिटर पाणी, किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, सगळं पद्धतशीर, आणि तिसऱ्या दिवशी काय फेस आला, आंबूस वास, मी खूश. ते पाणी बदलापूरला बहिणीकडच्या बोअरचं होतं. मग गेल्या महिन्यात घरीच नळाच्या पाण्यात केलं तर फेस नाही, काही नाही, नुसतं शेणकालवण. वहिनी म्हणाल्या अगं नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जिवाणू मारायलाच घालतात ते, तू त्यात जिवाणू वाढवायला निघालीस! पटलं. पण मग रोज कुंड्यांना जे पाणी घालतोय त्याचं काय, गांडुळं, ट्रायकोडर्मा (मातीतली उपयोगी बुरशी), सगळं मरतंय का? तुम्ही काय करता ते लिहा. एकच विनंती, फॉरवर्ड आलेलं नको, स्वतः करून बघितलेलं हवं.

∗

डोंबिवलीहून लिहितेय. आमच्याकडे सरळ हिशोब, दोन बादल्या, आजची आणि उद्याची. सकाळी पाणी आलं की उद्याची भरून ठेवायची आणि कालची कुंड्यांना घालायची. बादली पसरट आणि उघडी हवी, मी आधी तोंड बंद असलेल्या २० लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवायचे तर तीन दिवसांनी झाकण उघडलं तरी भपकन वास यायचा. उघड्या बादलीत दुसऱ्या दिवशी वास जातो.

पण यातली दुसरी गंमत कोणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात गावाला गेलो आठ दिवस, बादल्या तशाच राहिल्या, आल्यावर बघते तर त्यात वळवळणारी पिल्लावळ. आणि नेमके दोन दिवसांनी डेंग्यूच्या तपासणीवाले दारात! काय बोलणी खाल्ली, शेजारीपण ऐकत होते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तेव्हापासून बादलीवर जुनी ओढणी बांधते, हवा लागते आणि डास जात नाही, आणि रविवारी बादल्या पालथ्या घालून घासायच्या. क्लोरीन गेलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण हे लक्षात ठेवा बायांनो.

∗

पुण्यातून, सिंहगड रोड. मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय त्यामुळे जरा मास्तरकी होईल, सांभाळून घ्या.

ठाण्याच्या ताई, हिशोब करू. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आहे आणि वरची मर्यादा १ मिलिग्रॅम. समजा तुमच्याकडे अगदी १ आहे. तुमच्या १० लिटरच्या बादलीत मग झालं १० मिलिग्रॅम. मिठाच्या चिमटीच्याही कितीतरी कमी. त्यात तुम्ही टाकलंत किलोभर शेण! क्लोरीनला शेण काय, माती काय, पालापाचोळा काय, कुठलाही सेंद्रिय पदार्थ दिसला की ते त्याच्याशी भिडतं आणि स्वतः संपतं. गोमूत्रातला अमोनियापण त्याला धरतो. एवढ्या क्लोरीनने किलोभर शेणातले जिवाणू मेले असं मला तरी वाटत नाही. तुमचं अमृतजल दुसऱ्याच कशाने बिघडलंय. शेण कुठलं होतं?

कुंडीतल्या मातीचंही तेच. वरच्या थराला पाणी लागलं की तिथेच त्याचा निकाल लागतो, खाली गांडुळापर्यंत क्लोरीन म्हणून काही पोचत नाही. जिथे जपायला हवं ती जागा वेगळी. रायझोबियम (मुळांवर राहणारे उपयोगी जिवाणू) किंवा ट्रायकोडर्माची पावडर आपण नुसत्या स्वच्छ पाण्यात कालवतो ना, तिथे मध्ये पडायला माती नाही, शेण नाही, क्लोरीन थेट त्यांच्याच अंगावर. तिथे शिळं पाणीच घ्या. नसेल तर पाण्यात आधी थोडं शेणखत आणि गूळ कालवा, तासभर जाऊ द्या, मग कल्चर घाला.

अजून एक, लोक क्लोरीन आणि क्लोराइड (मिठासारख्या क्षारांत असतं ते) एकच समजतात. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर बसतो तो क्लोरीनचा नाही हो, तो जड पाण्यातल्या क्षारांचा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो बोअरच्या पाण्याचा, एक महिना तो घातला की मोगऱ्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेजारचे गृहस्थ ते पाणी दोन-दोन दिवस उन्हात ठेवायचे 'क्लोरीन उडवायला'. क्षार उडत नाहीत, उलट पाणी वाफ होऊन गेलं की उरलेलं जास्त खारट होतं. आरओचं फेकायचं पाणी झाडांना घालणाऱ्यांनी पण हे ध्यानात घ्यावं.

∗

मी सांगलीजवळच्या एका गावातला, आमच्याकडं नळाला टीसीएल, म्हंजे ब्लीचिंग पावडर, किती पडली हे वासावरनंच कळतं. चुलतभाऊ चार वर्षं ग्रामपंचायतीत जलसुरक्षक होता, त्यामुळं हे घरचंच काम. त्याचा हिशोब ठरलेला, चांगली ताजी पावडर असली तर १००० लिटरला अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत सोडायचं, मग तासभर थांबायचं. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला दम जातो. मग ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, परीक्षानळीत दोन थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे.

२०१९च्या पुरात आमची विहीर चार दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर उपसली आणि पावडर टाकली, त्या टायमाला हिशोब कुणी बघितला नाही, रोगराईची भीती होती, टाकली भरपूर. माझी वांग्याची आणि मिरचीची रोपं ट्रेमधी होती, उंचावर ठेवल्यामुळं वाचलेली. दुसऱ्याच दिवशी ते पाणी झारीनं वरनं मारलं कारण दुसरं पाणीच नव्हतं. पानांना पांढरट चट्टे पडले, कडा वाळल्या, निम्मी रोपं गेली. आता ते क्लोरीननं का पुराच्या गाळानं का चार दिवस ऊन नव्हतं म्हणून, देवाला ठाऊक, मी पैज लावणार नाही. पण ओटीला रंग येईना झाल्यावर, पाचव्या दिवसापासनं तेच पाणी बिनधास्त घातलं, काही झालं नाही. तेव्हापासनं एक शिकलो, वास मारणारं पाणी पानावर मारायचं नाही, घालायचंच तर बुडात.

आणि ते ओटीचं औषध विषारी असतं. टेस्ट झालेलं पाणी कुंडीत ओतू नका, लोक ओततात.

∗

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात. वरचं सगळं वाचून वाटलं की माझं वेगळं दुखणं लिहायलाच हवं, कारण इथल्या मराठी लोकांना भारतातला 'रात्रभर ठेवा' हा सल्ला चालत नाही आणि हे कळायला मला दोन वर्षं लागली. इथे बऱ्याच ठिकाणी पाण्यात नुसतं क्लोरीन नसतं, त्यात अमोनिया मिसळून क्लोरामाइन केलेलं असतं, सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये सुरू केलं, आमच्याही गावात तेच आहे. ते लांबच्या पाइपातून जाताना टिकावं म्हणूनच वापरतात, त्यामुळे बादलीत ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं, ना हलत ना डुलत. शिवाय इथली मर्यादा लिटरमागे ४ मिलिग्रॅमपर्यंत आहे.

मी कंपोस्ट टी, म्हणजे कंपोस्ट पाण्यात भिजवून त्यातले जिवाणू वाढवलेलं पाणी, करायचे, एअर पंप लावून, बारीक गाळलेलं थोडंसंच कंपोस्ट, आणि दर वेळी फुसका. गंमत म्हणजे त्याच पाण्यात इडलीचं पीठ मस्त फुगायचं त्यामुळे पाण्यावर संशयच आला नाही (आता वाचून कळतंय, पिठात भिडायला एवढी डाळ-तांदूळ असतात). शेवटी मत्स्यपालनवाल्या एका मित्राने सांगितलं की व्हिटॅमिन सी घाल. एक भाग क्लोरीनला साधारण अडीच भाग व्हिटॅमिन सी लागतं, म्हणजे आमच्या १९ लिटरच्या बादलीला ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची पाव गोळी पुरते. मी आईने पाठवलेली लिमसी कुस्करून घालते! आई फोनवर विचारते, घेतेस ना गं गोळ्या नियमित? घेते म्हणते.

कढीपत्त्याला मात्र मी थेट नळाचंच घालते आणि तो माझ्या उंचीचा झालाय. त्याला फक्त थंडी बाधते.

∗

नाशिक. माझा धडा झाडांनी नाही माशांनी दिला. गच्चीवर कमळाचा टब केला होता, डास नको म्हणून त्यात गप्पी सोडले, पंधराएक असतील. उन्हाळ्यात पाणी अर्ध्यावर आलं म्हणून मुलाने पाइप लावून सकाळचं ताजं पाणी धो-धो भरलं. दुपारपर्यंत सगळे गप्पी पोटं वर करून. कमळाला कशाचंच काही नाही, त्याच आठवड्यात कळी आली! मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. आता टबात भरायचं पाणी आदल्या दिवशी बाजूच्या घमेल्यात काढून ठेवतो आणि एका वेळी चार-पाच तांब्येच घालतो. घरी ज्यांच्याकडे मासे किंवा अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) आहे त्यांनी आधी पाण्याची वाट बघा, बाकीच्यांनी उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका असं माझं मत.

∗

म्हापशाहून. मी काहीच करत नाही आणि काहीच होत नाही. सासूबाई तीस वर्षं नळीने परसात पाणी घालतायत, अबोली, तगर, अळू, भाजीचा वाफा, सगळं त्याच नळीवर. पावसात तर नळाला इतका वास येतो की चहासुद्धा औषधासारखा लागतो, पण तेव्हा कुंड्यांना पाणी घालतंय कोण!

∗

नेदरलँड्स. आमच्याकडे नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकतच नाहीत, शुद्ध करून तसंच घराघरात पाठवतात, त्यामुळे या विषयात मी नुसतीच प्रेक्षक. तरी इथले म्हातारे आजोबा-आजी पन्हाळीखाली पिंप लावून पावसाचंच पाणी झाडांना घालतात. मी विचारलं का, तर म्हणे फुकट आहे म्हणून.

∗

परत मी, ठाणे. एवढे सगळे अनुभव येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. सर तुम्ही शेणाचं विचारलंत आणि मी जरा गप्पच बसले होते, कारण उत्तर देताना लाज वाटत होती. तर ऐका. पहिल्या वेळी बहिणीच्या शेजारचं ताजं शेण होतं. दुसऱ्या वेळी मी ऑनलाइन मागवलेल्या पूजेच्या गोवऱ्या भिजत घातल्या होत्या, गोमूत्रपण बाटलीतला अर्क.

मग मी आठ दिवसांपूर्वी प्रयोगच केला. तीन छोट्या बादल्या. एकीत थेट नळाचं पाणी आणि ताजं शेण (दादा शनिवारी बदलापूरहून डब्यात घेऊन आला, लोकलमध्ये, ते एक वेगळंच रामायण). दुसरीत दोन दिवसांचं शिळं पाणी आणि तेच शेण. तिसरीत शिळं पाणी आणि गोवऱ्या. गूळ तिन्हीत सारखा, ढवळणं सकाळ-संध्याकाळ सारखं. तिसऱ्या दिवशी पहिल्या दोन्ही फसफसल्या, शिळ्या पाण्याची थोडी आधी उठली, सकाळीच फेस होता, नळाच्या पाण्याचीला संध्याकाळ झाली. पण फेस दोन्हीला सारखा, वासही तोच. गोवऱ्यांची बादली मख्ख! पाणी पिवळं झालं तेवढंच. एकदाच केलंय, त्यामुळे छातीठोक नाही सांगत. वहिनींना फोटो पाठवले, त्यांनी अंगठा दाखवलाय, नक्की कुठला अर्थ घ्यायचा कळत नाही.

तर आता माझा प्रश्न बदललाय. ठाण्यात ताजं शेण कुठे मिळेल? दादा परत आणणार नाही म्हणालाय.

∗

डोंबिवलीवालीच. ताई, आमच्या घराजवळ तबेला आहे, ते लोक देतात, पैसेपण घेत नाहीत, पण घट्ट झाकणाचा डबा तुमचा तुम्ही आणा. आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलने जाऊ नका, दुपारी या, जेवायलाच या.