पद नाही, पण काम आहे

"निवडून नवरा आला, मग बायकोच्या दिमतीला सरकारी कर्मचारी कशाला?" हा मुद्दा रास्त वाटतो, पण अर्धाच आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला पगार शून्य. तरी मेजवान्या, दौरे, पत्रांचे ढीग तिच्याच गळ्यात. म्हणून तर १९७८ च्या कायद्याने तिला कर्मचारी देण्याची सोय केली. फ्रान्समध्ये २०१७ साली राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ पत्नीला अधिकृत दर्जा देऊ पाहत होते, तेव्हा विरोधी अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या पडल्या. शेवटी तिचं काम आणि मदतनीस जाहीर करणारी सनद निघाली, वेगळं मानधन नाही. मला हे पटतं. खर्च होणारच असेल तर निदान उघड होऊ दे.

आता नवऱ्यांचं बघा. जर्मनीच्या माजी चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, अँगेला मर्केलबाईंचे यजमान योआखिम झाउअर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. २००५ साली बायको चॅन्सेलरपदाची शपथ घेत होती, तेव्हा हे गृहस्थ संसदेकडे फिरकलेही नाहीत. जर्मनीतल्या बायरॉइट शहरातल्या ऑपेरा महोत्सवाला मात्र जोडीने दिसायचे! अलिप्त, कामात बुडालेला माणूस म्हणून ते खपून गेलं. पंतप्रधानाच्या बायकोने हेच केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घटस्फोटाच्या वावड्या उठल्या असत्या.