पाढे पाठ करून घ्यायचे की नाही?

फळा-खडू :
ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलाने स्वतः करून, अनुभवातून शिकायचं या विचाराच्या नावाखाली आपण पाढे वर्गातून घालवले आणि त्याची किंमत पोरं पाचवीत मोजतात, असं माझं स्पष्ट मत आहे. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, जो तो या पद्धतीसाठी गाजलेलं साताऱ्याचं कुमठे बीट (शाळांचा एक गट) बघून आला आणि परत येऊन वर्गाच्या फरश्या आकडे-अक्षरांनी रंगवल्या. पुढे काय? 84 भागिले 7 दिलं की पोरगं वहीच्या कडेला रेघा मारत बसतं. सातचा पाढा हाती लागेस्तोवर भागाकारात आपण कुठे होतो हेच विसरतं. डोक्यात एका वेळी मावतं थोडंच, त्यातलं अर्धं रेघा मोजण्यात गेलं तर विचार कशाने करणार? कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी 2006 च्या लेखात हेच मांडलंय : नवख्याला 'तुझं तू शोध' म्हणून सोडलं तर तो कमी शिकतो. आपल्याकडे पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे) घोकलेली माणसं दुकानात बसून तोंडी व्याज काढत.

काडीपेटी :
सर, फरश्या रंगवणाऱ्यांचा राग कुमठ्यावर का काढताय? पाढे बंद करा असं तिथं कुणी सांगितलं नव्हतं. काड्यांचे गठ्ठे बांधून, मणी मांडून पाढा आधी मुलाने बनवायचा, मग तो तोंडात बसतोच.
घोकलेल्या पाढ्याचं एक सांगा. 'सात सक किती?' असं मध्येच विचारलं की पोर 'सात एके सात'पासून गाडी का सोडतं? सात पंचे पस्तीस येतं, त्यात सात मिळवायचे हे सुचत नाही. आणि 'पाच फुलांचा एक, असे सात हार, फुलं किती?' म्हटलं की विचारतं, "बाई, बेरीज करायची का गुणाकार?" औटकीवाले दुकानदार म्हणाल, तर त्यांच्याबरोबर शाळेत बसलेले आणि औटकीला कंटाळून पळालेले किती, ते मोजायला कोण गेलं होतं?

फळा-खडू :
सात एकेपासून सुरुवात करतं कारण पाठांतर अर्धंच झालंय. पुरतं करून घ्या, मग बघा. तुमच्या काड्या दुसरीपर्यंत ठीक. शिष्यवृत्ती परीक्षेत काड्या नेऊ देत नाहीत.

आकडेमोड :
दोघांनाही अडचणीचा पुरावा देतो. अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास फेब्रुवारी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती, पण तेच गणित शाळेच्या मांडणीत कागदावर दिलं की अडत. शाळेतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं उलटं : कागदावर बरी, बाजारातल्या हिशेबात गडबड. म्हणजे अनुभवातून आलेलं ज्ञान आपोआप वहीत उतरत नाही आणि वहीतलं आपोआप बाजारात जात नाही.
माझ्या मते तुमचं भांडणच दुय्यम आहे. 'असर' 2024 या शैक्षणिक पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो. बाकीच्यांपुढे तिसरीचं पुस्तक पाढ्यांच्या चालीवर म्हणा नाहीतर मण्यांनी शिकवा, ते त्यांच्या डोक्यावरूनच जाणार. 'प्रथम' या संस्थेने इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट केले, तिथे फरक दिसला.

काडीपेटी :
दिसला, पण टिकला किती? मुंबई-वडोदऱ्याच्या बालसखी प्रयोगात (मागे पडलेल्यांना वस्तीतली तरुणी वेगळं बसवून शिकवायची) त्या मुलांची वाढ चांगली होती, कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातली बरीचशी ओसरली. हरियाणात सरकारी शिक्षकांनी पातळीनुसार तास घेतले तेव्हा हिंदी सुधारली, गणित होतं तिथेच राहिलं. मग गणितात नुसती पातळी पुरत नाही, *कसं* शिकवलं हा प्रश्न उरतोच ना?

आकडेमोड :
गणिताचा मुद्दा मान्य. ओसरण्याचा नाही. मदत थांबवल्यावर मूल मागे पडलं, तर दोष मदत थांबवण्याचा.

दोन शिक्षकी :
तिघांचंही वाचलं. आमच्या वस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथी आणि आम्ही दोघी. त्यातली एक केंद्रावर बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसली की चार वर्ग एकीकडे. पद्धतीचा वाद वर्गाला एक शिक्षक असणाऱ्यांना परवडतो.
पाढे आम्ही रोज म्हणून घेतो. खरं कारण सांगू? परिपाठानंतर अख्खी शाळा एकाच वेळी करू शकेल असं तेवढंच एक काम आहे. तेवढ्यात मी पहिलीच्या दोघा-तिघांना घेऊन बसते. शिकणं त्या दोघा-तिघांचं होतं, बाकीच्यांचा आवाज होतो. बाहेरून जाणाऱ्याला मात्र वाटतं, शाळा काय छान चाललीय!
आणि आकडेमोड सर, पातळीचे गट आम्ही वेगळे काय करायचे? आमचा वर्ग म्हणजे गटच आहे. चौथीचा एक जण दुसरीबरोबर वजाबाकीचा हातचा शिकतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याच्या आईला वाटतं.

फळा-खडू :
बाई, तुमच्या शाळेबद्दल आदर आहे. पण तुमच्या त्या 'आवाजा'तूनच एखाद्याला बाराचा पाढा आला असेल, हे विसरू नका.

दोन शिक्षकी :
येतो की. तीसपर्यंत येतात एकीला. हातच्याची वजाबाकी येत नाही. सोमवारी तिला मण्यांवर बसवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.