सेट स्क्रू म्हणजे नेमका कुठला? आणि या ‘सेट’ला अर्थ तरी किती?

लेथवाला, उद्यमनगर
मंडळी, इंग्रजी जाणणाऱ्यांनी जरा मदत करा. माझं दोन लेथचं छोटं शॉप आहे. गेल्या महिन्यात इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाची मेल आली. सेट स्क्रू पाहिजेत, एम ८, लांबी २५, नमुन्याला ५० नग. पोरीनं वाचून दाखवली, म्हटलं हे तर रोजचंच. सेट स्क्रू म्हणजे ग्रब स्क्रू. बिनडोक्याचा, आत षटकोनी भोक, पुलीतनं शाफ्टवर टेकवायचा आणि ॲलन कीनं आवळायचा. ५० नग काढले, तेल लावून कुरिअर केले. मालापेक्षा कुरिअरला पैसे जास्त गेले. चार दिवसांनी तिकडनं उत्तर: डोकं कुठाय?

आधी वाटलं मलाच विचारतोय.

मग पोरीनं डिक्शनरी उघडली तर ‘सेट’ची पानंच्या पानं. दागिन्यांचा सेट, सूर्य सेट, सिमेंट सेट, सिनेमाचा सेट. एवढंसं तीन अक्षरांचं स्पेलिंग आणि एवढे अर्थ? हे लोक पाठ कसं करतात?

पूर्णआटे, शिरोली
दादा, तुमची चूक नाही. आपण ज्याला ग्रब स्क्रू म्हणतो त्याला अमेरिकेत सेट स्क्रू म्हणतात. इंग्लंडात मात्र सेट स्क्रू म्हणजे षटकोनी डोक्याचा, डोक्यापर्यंत पूर्ण आटे असलेला. आपल्याकडं दुकानात ‘फुल थ्रेड बोल्ट’ मागतो तो. पुढच्या वेळी नावावर जाऊ नका, डीआयएन म्हणजे जर्मन मानकाचा नंबर मागा. फुल थ्रेड म्हणजे डीआयएन ९३३, अर्धे आटे म्हणजे ९३१. ग्रब स्क्रू ९१३ ते ९१६, टोक कसं आहे त्यावर. मीही एकदा असाच माल भंगारात घातलाय, किती ते विचारू नका.

जुन्या बाई
मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, म्हणून दोन शब्द. लेथवाले दादा, पाठ कुणीच करत नाही. ऑक्सफर्डचा जो मोठा, २० खंडांचा कोश १९८९ साली निघाला, त्यात सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, अर्थ ४३० च्या वर. पुढं कोशाचं नवं काम सुरू झालं आणि ‘रन’ पुढं गेला, त्याच्या एकट्या क्रियापदाचे ६४५. एवढे अर्थ त्या कोशवाल्यांनाही तोंडपाठ नसतील.

पण एक किल्ली सांगते. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे मुळात त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. संस्कृतातला ‘सद्’ धातू याच घराण्यातला, सदनातला आणि उपनिषदातला. आता आपलं ‘बसवणे’ कुठं कुठं चालतं बघा. गुजरीत सोनार अंगठीत खडा बसवतो, तिथं इंग्रजी सेटच वापरते. तालमीत वस्ताद निखळलेलं हाड बसवायचे, तेही सेट. गाण्याला चाल बसवतात, तेसुद्धा सेट. तुम्ही आयुष्यभर ‘सेट’च बोलत आलाय, फक्त मराठीत.

सगळीकडं जमत नाही हो. सापळा आपण लावतो, पेपर काढतो, भाव ठरवतो, पानं मांडतो. आणि कपबशांचा सेट तर वेगळ्याच घरातनं आलाय. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, पंथाला जो ‘सेक्ट’ शब्द आहे त्याचा सख्खा भाऊ. एकमेकांमागून चालणारे ते एका गटातले. पुढं या दोन्ही ‘सेट’चा उच्चार एक झाला आणि एकमेकांत मिसळून गेले. वर्गात हे सांगायला कधी वेळ मिळाला नाही, पोर्शन संपवायचा असायचा.

सेंट्रिंगवाला
सिमेंटचं मी सांगतो. सेट झालं म्हणजे पक्कं झालं असं समजून लोक दुसऱ्या दिवशी स्लॅबवर विटा चढवतात. सेट होणं म्हणजे नुसतं आकार धरणं. साध्या सिमेंटचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण झालं पाहिजे. ताकद मात्र २८ दिवसांची मोजतात. तोवर पाणी मारा, हात जोडतो.

पेठेतला बेकार
तीन वेळा सेट दिली, प्राध्यापकीची. अजून सेट झालो नाही. हा अर्थ त्या २० खंडांत आहे का बाई?

जुन्या बाई
नाही रे बाळा. आणि सेटिंग लावणारे पुढं जातात, तोही अर्थ त्यात नाही, तो आपला घरचा. चौथ्यांदा दे.

लेथवाला, उद्यमनगर
बाई, तुमचं वाचून डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं स्प्रिंग दाबून दाबून आखूड झाली, परत मूळ लांबीला येईना, की आम्ही म्हणतो ‘स्प्रिंग बसली’. एका जुन्या कॅटलॉगात त्यालाच ‘सेट’ लिहिलेलं बघितलं होतं, तेव्हा छपाईची चूक वाटली. आज उलगडलं. पोरीला सांगितलं तर म्हणते, पप्पा, आता तुम्हीच क्लास काढा.

बरं, ९३३ चे नवे ५० नग गेले. डोक्यासकट. आज मेल आली. त्यात लिहिलंय, तुमचा माल आम्ही ‘सेट असाइड’ केलाय. पोरगी म्हणते बाजूला काढून ठेवलाय. पण पसंत पडला म्हणून बाजूला काढला की नापसंत म्हणून?

पूर्णआटे, शिरोली
दोन्ही होऊ शकतं. फोन लावा.