मदत हवी आहे: डोरियनमध्ये कॉर्ड लावले की कान सी मेजरकडे का पळतो?

नमस्कार मंडळी, कीबोर्डवाल्या जाणकारांसाठी डोरियनबद्दल प्रश्न (डी डोरियन म्हणजे डी ते डी नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, डी हाच सा). टोनल हार्मनीचं (कॉर्ड ताण निर्माण करून मुख्य कॉर्डकडे परततात त्या पद्धतीचं) गणित कळतं: जी सेव्हनमधले (जी-बी-डी-एफ) बी आणि एफ सुटायला बघतात, सी मेजर आला की जीव भांड्यात पडतो. अडतंय ते मोडलमध्ये, म्हणजे जिथे अशी ओढ न लावता एकाच स्वरसप्तकावर रेंगाळायचं असतं तिथे.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' घ्या. १६ बार (आवर्तनासारखे मात्रांचे गट) डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, परत ८ बार डी. (डीला सा धरलं तर हे काफी थाटाचेच स्वर!) त्याच्या मुख्य धुनेत डी डोरियनच्या भागात पियानोवर बिल एव्हान्स दोनच कॉर्ड वाजवतो, खालून वर ई-ए-डी-जी-बी आणि मग डी-जी-सी-एफ-ए. कुठेही सीची ओढ लागत नाही.

मी मात्र डी मायनरनंतर जी सेव्हन वाजवला की कान लगेच सी मागतो. ए सेव्हन घ्यावा तर सी शार्प घुसतो, मग डोरियन कसला? डी हाच सा आहे हे ठसवायचं कशानं? बेसमध्ये डी धरून ठेवायचा, की जी सेव्हनमधला एफ गाळायचा? की रहस्य त्या चौथ्या-चौथ्या स्वरांच्या रचनेतच आहे?

डाव्या हाताचे स्वर लिहून दिलेत तर फार उपकार होतील. नुसती व्याख्या नको, ती पाठ आहे.