मदत हवी आहे: घरच्या प्रोजेक्टरसाठी उष्णता सोसणारी काच

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरीच प्रोजेक्टर बनवतोय. दिवा २४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन. त्याच्यापुढे सहा सेंमीवर एलसीडी (चित्र उमटवणारा पातळ पडदा) उष्णतेपासून वाचवायला १० बाय १० सेंमीचा पारदर्शक तुकडा हवाय.

आधी ३ मिमी ॲक्रिलिक लावलं, ते वाकलं. १०० अंशांच्या आसपास ते मऊ पडतंच, माझीच चूक. मग खिडकीची ४ मिमी काच: मधोमध तापली, कडा गार राहिल्या, तडकली. पंखा चालू होता. पॉलिकार्बोनेट (दुसरं एक पारदर्शक प्लास्टिक) जास्त तापमान सोसतं, पण पिवळं पडेल अशी भीती वाटते. एलईडीचा पर्याय माहीत आहे, पण तूर्त हाच दिवा वापरायचाय. बजेट हजारापर्यंत.

टफन्ड काच (तापवून झटकन गार करून मजबूत केलेली) नंतर कापता येत नाही, म्हणून ऑर्डरआधीच विचारतो: ती इथे पुरेल, की बोरोसिलिकेटच (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची उष्णता सोसणारी काच) घ्यावी? आणि सांगली-मिरजेत एवढा छोटा तुकडा कुठे मिळेल?