धिस इज अस: रडारड आहे, पण तेवढीच नाही

'धिस इज अस' ही अमेरिकन कौटुंबिक मालिका म्हणजे सहा सीझनची नुसती रडारड, हे मत मला अर्धंच पटतं. रडवायचं ठरवूनच लिहिलेले भाग आहेत, खरंय. घरातला बाप जॅक गेला हे लवकर कळतं, पण कसा ते दुसऱ्या सीझनच्या मध्यापलीकडे ताणलंय. जुन्या स्लो कुकरच्या बटणातून ठिणगी उडते, शेजारचं फडकं पेटतं... तोवर मी वैतागले होते. त्याची मुलगी केट हिच्या वाट्याला तर कितीतरी काळ वजनापलीकडे काही येतच नाही, हा अन्यायच.

पण रँडल! याच गोऱ्या घरात दत्तक वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा ३६व्या वाढदिवशी जन्मदात्या विल्यमच्या दारात उभा राहतो. तावातावाने सगळं सुनावतो आणि शेवटी विचारतो, नातींना भेटायचंय का? रँडल साकारणाऱ्या स्टर्लिंग ब्राउनला २०१७ चं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं पारितोषिक, उगाच नाही मिळालं.

पुढे थँक्सगिव्हिंगच्या भागात रँडलला कळतं, त्याला वाढवणाऱ्या आईला, रिबेकाला, विल्यम पहिल्यापासून माहीत होता. इतकी मायेची आई, आणि एवढी मोठी गोष्ट ३६ वर्षं पोटात ठेवली. तिचं चुकलंच. तरी तिचा तिरस्कार करता येत नाही, आणि रँडलचा रागही खोटा वाटत नाही. त्या भागासाठी मी बाकीचं सगळं सोसलं.