माती धरणाच्या सर्वेक्षणातला निळा पट्टा म्हणजे गळतीच का?

प्रश्न

आमच्या पाणीवापर संस्थेला ज्या तलावातून पाणी मिळते, त्याचे माती धरण सुमारे १८ मीटर उंचीचे आहे. यंदा तलाव भरल्यावर विमोचकाच्या (धरणाखालून पाणी सोडण्याच्या दार असलेल्या बांधीव मार्गाच्या) डाव्या अंगाला पायथ्याशी ओल दिसू लागली आणि व्ही-नॉचवरचे (झिरपून आलेले पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवरचे) पाणीही गेल्या वर्षी याच पातळीला होते त्यापेक्षा वाढले. एका खासगी संस्थेने धरणमाथ्यावर एकच रेषा घेऊन रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण केले, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिला मातीचा होणारा विरोध (रोधकता) मोजला. त्यांच्या रंगीत छेदात ८ ते १२ मीटर खोलीवर निळा पट्टा असून तेथील रोधकता १० ओहम-मीटरपेक्षा कमी आहे. तेवढ्यावरून गाभ्यातून (धरणाच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या मातीतून) गळती असल्याचे ठरवून त्यांनी ग्राउटिंग (दाबाने सिमेंटसारखे मिश्रण आत भरणे) सुचवले आहे. हे मान्य करावे का?

उत्तर १

एवढ्यावर मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे हार्टिंगला, म्हणजे गाभ्याला, बहुधा काळी चिकण माती वापरतात, आणि ती ओली असली की गाभा अगदी धडधाकट असतानाही रोधकता १० ओहम-मीटरच्या खाली येऊ शकते. उलट, बारीक कण वाहून जाऊन मागे भरड माती उरली असेल, तर त्या जागी रोधकता वाढलेलीही दिसते. म्हणजे खरी दुखरी जागा निळ्या पट्ट्याच्या बाहेरही असू शकते. शिवाय माथ्यावरच्या रेषेला शेजारचे जलाशयाचे पाणी आणि दोन्ही उतार जाणवतात, तर नेहमीचे द्विमितीय गणित दोन्ही बाजूंना जमीन सारखीच आहे असे धरून चालते.

त्यामुळे मूळ मोजमापे आणि त्या दिवशीची जलाशयाची पातळी आधी मागून घ्यावी. त्याच खुणांवर इलेक्ट्रोड रोवून तलाव भरलेला असताना एकदा आणि मे महिन्यात पाणी उतरल्यावर पुन्हा मोजणी करावी, कारण एका छेदापेक्षा दोन छेदांतला फरक जास्त बोलका असतो. पायथ्याशी समांतर रेषाही हवी. सोबत स्वयंविभव मोजणी करून घ्यावी. मातीतून पाणी वाहते तेव्हा काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो, आणि मोरचुदाच्या द्रावणाने भरलेल्या सच्छिद्र भांड्यांनी तो मोजता येतो. ही पद्धत ओलाव्यापेक्षा प्रवाह दाखवते. मात्र विमोचकाचे लोखंड आणि जवळचे मोटारपंप तिला फसवतात, म्हणून पंप बंद ठेवावे लागतील. ग्राउंड रडार कोणी सुचवले, तर काळ्या मातीत त्याचा संकेत मीटर-दोन मीटरांतच विरतो, हे लक्षात असू द्यावे.

उत्तर २

मी निवृत्त अभियंता आहे. ओल विमोचकाच्या अंगाला आहे, ही आपल्या प्रश्नातली सर्वांत गंभीर बाब मला वाटते. बांधकाम आणि माती जिथे भिडतात तिथे रोलर नीट पोहोचत नाही आणि धुमसणी (माती दाबून घट्ट करणे) कच्ची राहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाही विमोचकावरचा भराव आधी खचला होता. म्हणून पुढची रेषा विमोचकाला आडवी जाईल अशी घ्यावी.

ग्राउटिंगच्या दाबाने गाभ्याला नवी चीर पडू शकते. पाणी सोडून केलेल्या बोअरनेही तोच धोका असतो, त्यामुळे छिद्र घ्यावेच लागले तर ते कोरड्या ऑगरने (माती उकरणाऱ्या गिरमिटाने) घेऊन त्यात पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे उपकरण) बसवावा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात भूभौतिकीचे तज्ज्ञ आहेत. त्यांचे मत विभागामार्फत मागवता येईल.

पण आजच व्ही-नॉचचे पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसला, म्हणजे पाण्यासोबत धरणाची मातीही वाहून येत असली, तर सर्वेक्षणाची वाट न पाहता उपविभागाला कळवून पातळी उतरवण्याची मागणी करा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सकाळी बाटली उजेडात धरली तेव्हा तळाशी बोटाच्या नखाइतका जाड तांबूस थर होता. हार्टिंगची माती काळी आहे, त्यामुळे हा थर केसिंगच्या, म्हणजे गाभ्याबाहेरच्या भरावाच्या, मुरमाचा असावा असे वाटते. बाटली घेऊन उपविभागीय अभियंत्यांना भेटलो. विमोचकाचे दार दुपारी उघडले असून व्ही-नॉचची नोंद आता दर दोन तासांनी घेत आहोत. ग्राउटिंगचा प्रस्ताव आम्ही थांबवला आहे.